शाळेचे दार बंद झाल्यावर

मार्च 2020 मध्ये ठिकठिकाणची वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या ट्रंका घेऊन गावी परतली, तेव्हा अनेक घरांत पहिली चिंता अभ्यासाची नव्हती. घरात एक ताट वाढले होते आणि हातचे काम गेले होते. निवासी शाळेत शिकलेल्यांना वेगळे सांगावयास नको की शाळा म्हणजे केवळ वर्ग आणि फळा नव्हे. स्वयंपाकघर, औषधांचे कपाट, रात्री ताप चढलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारा हात, हे सारे शाळेतच मोडते. परंतु ज्या शाळांतील मुले रोज संध्याकाळी घरी जातात, त्या शाळा आजाराच्या संकटात कुटुंबांच्या पाठीशी कशा उभ्या राहतात? अमेरिकेतील न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांच्या सार्वजनिक शाळांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

न्यूयॉर्कच्या शाळांत 1897 पासून डॉक्टर येऊन मुलांची तपासणी करीत. खुपऱ्या, नायटा, खरूज, उवा असे काही आढळले की मुलाला घरी पाठवीत. नियम साथ रोखण्यासाठी होता, आणि कागदावर तो योग्यच होता. प्रत्यक्षात काय घडे? मुलाच्या हाती एक चिठ्ठी पडे. युरोपातून नुकत्याच आलेल्या कित्येक स्थलांतरित आयांना तिचा अर्थच कळत नसे. उपचार कोठे आणि कोणत्या पैशाने करायचे, हे कोणी सांगत नसे. शाळेतून काढलेले मूल संध्याकाळी त्याच चाळीच्या जिन्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत असे. म्हणजे साथही थांबली नाही आणि शिक्षण मात्र थांबले. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवासंस्थेच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांना असा एक बारा वर्षांचा मुलगा भेटला. डोक्यावरील इसबामुळे त्याला प्रत्येक वेळी शाळेच्या दारातूनच परत पाठविले गेले होते. साध्या मलमाने आणि नियमित काळजीने तो बरा झाला.

वॉल्ड यांनी शहराच्या अधिकाऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला: एक महिना आमची परिचारिका शाळांत काम करील, परिणाम पाहा आणि मग ठरवा. ऑक्टोबर 1902 मध्ये लीना रॉजर्स यांनी चार शाळांत काम सुरू केले. किरकोळ विकारांवर त्या शाळेतच औषध लावीत आणि मुलाला वर्गात परत बसवीत. ज्यांना घरी ठेवणे भागच होते, त्यांच्या घरी त्या स्वतः जात, आईसमोर जखम धुऊन दाखवीत आणि गरज पडल्यास दवाखान्याची वाट दाखवीत. महिन्याभरातच शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर 1902 मध्ये आजारामुळे घरी पाठविलेल्या मुलांची संख्या 10,567 होती. सप्टेंबर 1903 मध्ये ती 1,101 वर आली. रोग काही वर्षभरात दहा पटींनी घटले नव्हते. बदलली होती ती रीत. पूर्वी तपासणी मुलाला दाराबाहेर काढून संपत असे, आता ती त्याला आत आणूनच संपू लागली. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ही व्यवस्था कसोटीला लागली. बहुतेक अमेरिकन शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन येथे त्या चालू राहिल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचे म्हणणे असे की दाटीच्या, कोंदट खोल्यांपेक्षा मोठ्या, हवेशीर शाळेत मूल अधिक सुरक्षित आहे, कारण तेथे रोज कोणीतरी त्याच्याकडे पाहते. सकाळी मुले अंगणात न रेंगाळता थेट वर्गात जात आणि शिक्षक शिंका, खोकला, डोळ्यांची लाली पाहत. संशय आला की मुलाला वेगळे बसवून घरी पोहोचविले जाई. घरात त्याला वेगळे ठेवण्याची सोय आहे का, हे पाहिले जाई. नसल्यास रुग्णालयात नेत. डॉक्टर परवडत नसेल तर शहराचा डॉक्टर येई. त्या साथीत न्यूयॉर्कमध्येही हजारो माणसे दगावली, आणि बॉस्टन व फिलाडेल्फियाहून तेथील मृत्युदर कमी राहिला याचे श्रेय एकट्या शाळांना देणे धाडसाचे होईल. शाळेमुळे आजारी मूल वेळीच नजरेस आले, इतके म्हणता येते.

आता लॉस एंजेलिसकडे वळू. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार सामान्यतः 'स्कूल डिस्ट्रिक्ट' पाहते. हा आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. त्याचे मंडळ बहुधा लोकांनी निवडलेले असते; स्वतःचा निधी, स्वयंपाकघरे आणि कर्मचारी असतात. लॉस एंजेलिसचे डिस्ट्रिक्ट न्यूयॉर्कच्या खालोखाल देशात सर्वांत मोठे, आणि तेथील पाचांपैकी सुमारे चार विद्यार्थी गरीब घरांतील आहेत. 16 मार्च 2020 रोजी तेथील शाळा बंद झाल्या आणि 18 मार्चला साठेक शाळांच्या आवारांत अन्नकेंद्रे उघडली. बांधलेले जेवण घ्यावे आणि घरी जावे. ओळखपत्र नको, अर्ज नको. मुलांबरोबर मोठ्यांनाही जेवण मिळे. पुढे तेथेच डायपर, पुस्तके, खेळणीही दिली गेली. पुढल्या वर्षापर्यंत वाटलेल्या जेवणांची संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली.

हे वाचताना सोपे वाटते. नियमांच्या दृष्टीने ते तसे नव्हते. केंद्र सरकारच्या शालेय भोजन योजनेत मुलांनी एकत्र बसून जेवणे अपेक्षित होते. ती अट शिथिल झाली, आणि मूल सोबत नसले तरी पालकाला डबा नेता येईल अशी सवलत मिळाली. मोठ्यांच्या जेवणाचा खर्च मात्र केंद्र देत नव्हते. तो भार डिस्ट्रिक्टने उचलला. मार्च 2020 च्या कायद्याने आणखी एक तरतूद केली. शाळेत न मिळालेल्या जेवणाची किंमत, दर मुलामागे दिवसाला 5.70 डॉलर, किराणा खरेदीच्या कार्डावर जमा करता येऊ लागली.

योगायोग असा की त्याच 18 मार्चला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, शाळा बंद असताना मध्यान्ह भोजनाचे काय, असा प्रश्न स्वतःहून उपस्थित करून राज्यांना नोटिसा काढल्या. महाराष्ट्रात पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्ये पालकांना शाळेतून वाटण्यात आली. पिशवी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिलेले पालक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील, काही स्वतः त्या रांगेत असतील.

लॉस एंजेलिसचे अपयशही सांगितले पाहिजे. डिस्ट्रिक्टने संगणक आणि इंटरनेटची साधने वाटण्यासाठी मोठा खर्च केला. तरीही मार्चच्या अखेरीस माध्यमिक शाळांतील सुमारे 15,000 विद्यार्थी ऑनलाइन वर्गांत एकदाही दिसले नव्हते. घरात इंटरनेट नाही, एकाच खोलीत चार भावंडे, अशा घरांचा शोध शिक्षक दूरध्वनीवरून घेत राहिले. लीना रॉजर्स 1902 साली चाळीचा जिना चढून ज्या दारावर थाप मारीत, त्या दारापर्यंत जाणे या साथीत सर्वांत अवघड होऊन बसले होते.