रजेच्या अर्जाचें मोल

कल्याण सोडून गाडी कर्जतकडे वळली कीं पहिलें स्थानक लागतें तें विठ्ठलवाडीचें. सकाळची तेथील गर्दी पाहिली म्हणजे ही वस्ती बव्हंशीं नोकरी करणाऱ्यांची आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. कोणी मुंबईच्या कचेरीला निघालेला असतो, कोणी अंबरनाथच्या कारखान्याला, तर कोणी जवळच्याच एस्. टी. आगाराला. कामें निराळीं, परंतु एक अडचण साऱ्यांची सारखीच. आषाढीची वारी, घरचा गणपति, गांवची भातलावणी किंवा वडील माणसाचें आजारपण, कांहींहि निघालें तरी रजा हवी असते. आणि ती मागावी कशी या विचारानेंच पुष्कळांचा जीव अर्धा होतो. कोणी वरिष्ठांच्या कानावर तोंडी घालून ठेवतो, कोणी सोबत्याजवळ निरोप देतो, आणि कोणी तर कांहींच न सांगतां गाडींत जाऊन बसतो. लेखी अर्ज करणें म्हणजे उगीच याचना करणें, अशी एक समजूत यामागें असते. ती समजूत किती महागांत पडते, हें आज सांगावयाचें आहे.

रजा ही आपल्याकडे आपोआप आलेली वस्तु नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं आठवड्याची सुटीसुद्धां ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र आणून हा प्रश्न लावून धरला, तेव्हां १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पगारी रजा याहून पुष्कळ उशिरां आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खातें सांभाळीत असतां, १९४५ च्या कायदादुरुस्तीनें कारखान्यांतील प्रौढ कामगाराला वर्षाच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी सुटी मिळूं लागली.

तत्पूर्वीं काय होत असे? कोंकणांतला कामगार शिमग्याला किंवा पेरणीला गांवीं गेला कीं त्याच्या जागीं बदलीवाला उभा राही. परत आल्यावर ती जागा पुन्हां मिळणें मुकादमाच्या मर्जीवर असे, आणि दस्तुरीवांचून ती मर्जी सहसा वळत नसे. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननें १९३१ सालीं या दुखण्यावर उपाय सुचविला तो असा : कामगारानें निश्चित मुदतीची रजा मागावी, आणि वेळेवर परतल्यास जुनें काम मिळेल असें वचन मालकानें त्याला द्यावें. अर्जाचें सारें मर्म या सूचनेंत आहे. मुदत एकानें पाळावयाची व जागा दुसऱ्यानें राखावयाची, असा हा दोघांमधला करार असतो. आणि कराराला कागद लागतो.

आतां हक्क किती, तें पाहूं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें वर्षांत २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला, कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. म्हणजे २८० दिवस भरले तर चौदा दिवसांची रजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति संहितेनें घेतली आहे. तींत २४० दिवसांची अट १८० वर आली. विसांमागें एक हें प्रमाण तसेंच राहिलें.

पण हक्क असला तरी मागितल्या दिवशींच रजा मिळेल असें नाहीं. गणपतीच्या दिवसांत एस्. टी.ला कोंकणाकडे जादा गाड्या सोडाव्या लागतात. गाडी हांकणाऱ्यालाहि घरचा गणपति असतोच. तथापि सर्वांनाच रजा दिली तर प्रवाशांनीं जावें कसें? सरकारी नोकरांच्या नियमांतहि कामाच्या निकडीमुळें रजा नाकारण्याची मुभा वरिष्ठांना आहे. मात्र कारखान्यांतील कामगारांविषयीं कायद्यानें एक मोठी सोय केली आहे. न घेतलेली रजा एरवीं तीस दिवसांपर्यंतच पुढील वर्षांत नेतां येते. परंतु मागूनहि नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नाहीं. तेव्हां नाकारलेला अर्जसुद्धां फुकट जात नाहीं. तो शिलकेंत जमा होतो. तोंडी मागणीची नोंद कोण ठेवणार?

न सांगतां जाण्याचा धोका याहून मोठा आहे. १९४६ च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत, रजा संपल्यावर आठ दिवसांच्या आंत परत येऊन समाधानकारक खुलासा न करणाऱ्याचा जागेवरील हक्क जाईल, असें कलम होतें. चौकशी केल्यावांचून व म्हणणें ऐकून घेतल्यावांचून अशा रीतीनें कोणाची नोकरी घेतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं दिला हें खरें. पण न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षां पोस्टाची चढणें सोपें.

अर्ज लहान असावा. आपलें नांव, विभाग व क्रमांक, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि या दोन्ही तारखा धरून दिवस किती, रजेचा प्रकार, एका वाक्यांत खरें कारण, रजेंतील पत्ता, आणि आपलें काम कोण पाहील, एवढें पुरे. घरच्या दुःखाचें सविस्तर वर्णन नको, आणि कृपेची भाषाहि नको. 'आईच्या शस्त्रक्रियेसाठीं गांवीं जावयाचें असल्यानें अमुक तारखांची रजा मंजूर व्हावी,' हें वाक्य पुरेसें आदराचें आणि पुरेसें स्पष्ट आहे. प्रसंग आधीं ठाऊक असेल तर अर्ज निदान पंधरा दिवस आधीं द्यावा, व त्याच्या प्रतीवर पोंच घ्यावी. अकस्मात् आजारपण आलें तर मात्र थांबूं नये. त्याच दिवशीं कळवावें, आणि फोनवर कळविलें असलें तरी मागाहून लेखी द्यावें.

शेवटीं एवढेंच कीं, मुक्काम वाढणार असें दिसलें तर मुदत संपण्यापूर्वींच वाढीव रजेचें पत्र धाडावें; आणि तसें कारण नसेल तर ठरल्या दिवशीं ठरल्या गाडीनें कामावर हजर व्हावें. पुढच्या अर्जाला याहून चांगली शिफारस नाहीं.