साखळी बंपरला नको
मूर्तिजापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. इथली काळी माती पावसात फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते. पांदण रस्त्यावर जीप एक्सलपर्यंत फसली की ट्रॅक्टर बोलवावाच लागतो. ट्रॅक्टरवाला साखळी अडकवायला जागा शोधतो आणि त्याला सापडतो बंपर! तो ओढ सोसायला बनवलेलाच नसतो. वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यापुरती दिलेली पातळ कडीही यासाठी नव्हे.

म्हणून ओढण्यासाठी वेगळे हूक हवेत. पुढचे हूक चेसिसच्या दोन्ही दांड्यांना एकेक, 8.8 किंवा 10.9 ग्रेडच्या बोल्टांनी कसावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावरच उठवलेला असतो. नुसतं वेल्डिंग करून देणाऱ्या मिस्त्रीला सरळ नाही म्हणा. चिखलाची पकड मोठी. रुतलेल्या गाडीला तिच्या वजनापेक्षा जास्त जोर लागू शकतो. म्हणून 4.75 टन क्षमतेचं, 19 मिमी जाडीचं शॅकल (हुकाला पट्टा जोडणारी कडी) घ्यावं. दोन्ही हुकांना एकच पट्टा जोडला की ओढ वाटली जाते.

ओढताना साखळीवर ओलं पोतं टाका, बघ्यांना साखळीच्या लांबीहून दूर हटवा. आणि ओढण्याआधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा.