शालूची उलटी बाजू

मराठी घरात लग्न ठरलं की शालूचा विषय निघतोच. पैठणी घेऊन झाली, तरी एक बनारसी शालू हवाच असतो. दुकानात गादीवर बसून घरातल्या बायका पदर उलगडतात, रंग नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून पाहतात, भावात घासाघीस करतात. शालू बनारसचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तो विणतं कोण, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

वाराणसीतल्या मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा आणि शहराबाहेरच्या लोहता या वस्त्यांमधून तो येतो. विणणारे बहुतेक अन्सारी मुसलमान. हिंदू नवरीचा शालू त्यांच्याच मागावर होतो आणि तिबेटी बौद्ध मठांसाठी लागणारं ‘ग्यासर’ नावाचं जरीचं भरजरी कापडही बनारसच्याच विणकरांच्या हातचं.

रमजानमध्ये इथल्या कामाच्या वेळा बदलतात. पहाटेची सहरी आणि फजरची नमाज आटोपली की अंगात ताकद आहे तोवर विणून घ्यायचं. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. त्यात पाय सोडून विणकर बसतो, पायाने ताण्याचे धागे वर-खाली करतो आणि हाताने धोटा फेकतो. दुपार टळली की घसा कोरडा पडतो, नजर थकते. आणि बारीक जरीकाम तर सगळं नजरेचं. मजुरी साडीमागे मिळते, त्यामुळे विणाई कमी झाली की कमाईही कमी. खर्च मात्र ईदच्या तोंडावर वाढतो. त्यातही पैसे रोख हातात पडतीलच असं नाही; पुढच्या तारखेचा चेक मिळणं आणि एखादा डाग किंवा तुटलेला धागा दाखवून मजुरी कापली जाणं, या इथल्या विणकरांच्या जुन्या तक्रारी आहेत.

एवढी मेहनत कशात जाते, ते साडी उलटी केल्यावर कळतं. पैठणीमुळे ही सवय आपल्याकडच्या बायकांना आहेच. बनारसी विणकामात ‘कढुआ’ नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक बुट्टीसाठी जरीची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ती हाताने तेवढ्याच धाग्यांतून फिरवतो, मग पुढच्या बुट्टीची कांडी उचलतो. एका ओळीत जितक्या बुट्ट्या, तितक्या कांड्या. म्हणून मागच्या बाजूला दोन बुट्ट्यांच्या मधलं कापड स्वच्छ राहतं. दुसऱ्या, ‘फेकुआ’ पद्धतीत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. बुट्ट्यांमधला मोकळा भाग नंतर कापून टाकतात आणि मागे कापलेली टोकं दिसतात. हे हातमागावरही होतं, म्हणून टोकं दिसली की साडी यंत्रमागाचीच, असं समजू नये. साध्या यंत्रमागाला कढुआ मात्र जमत नाही. साध्या नक्षीच्या साडीला १५-२० दिवस पुरतात, भरगच्च कढुआ शालूला काही महिने लागतात. यंत्रमागावरची नक्कल त्याच नावाने, कितीतरी कमी किमतीत शेजारच्या कपाटात ठेवलेली असते. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते चांगलंच झालं. पण मानांकन कागदावर राहतं आणि खरेदी अखेर कपाटासमोर होते.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. धागा उकलणं, कांड्या भरणं, विणून झाल्यावर सुटे धागे कापणं, ही कामं घरातल्या बायका आणि मुली करतात. सहरी-इफ्तारचा स्वयंपाक सांभाळून रमजानमध्येही करतात. साडीची मजुरी ठरते ती माग चालवणाऱ्याची. बाईच्या कामाला ‘घरकाम’ म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत, ही सोय काही फक्त बनारसची नाही.

बनारसच्या विणकरांची एक रीत मात्र दुसरीकडे सहसा सापडणार नाही. ती रमजानमधली नव्हे, अगहनमधली. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष. हिंदू पंचांगातल्या या महिन्यातल्या एका शुक्रवारी विणकर माग बंद ठेवतात. या बंदला ते ‘मुर्री बंद’ म्हणतात. पुराना पुलाच्या ईदगाहवर सगळे एकत्र जमून नमाज पढतात आणि धंद्यात बरकत मागतात, पाऊसपाण्यासाठी दुआ करतात. तिला ‘अगहनी जुमा’ म्हणतात. बाहेर आसपासचे शेतकरी नव्या उसाच्या मोळ्या घेऊन बसलेले असतात. नमाज झाली की विणकर ऊस विकत घेतात, खांद्यावर टाकतात आणि घरी जातात.