वहीतल्या चुका: जव्हार-मोखाड्यातला मागोवा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतली मुले लिहिता-वाचताना आणि आकडेमोड करताना ज्या चुका करतात, त्यांचा अर्थ गेल्या सात-आठ दशकांत सतत बदलत आला आहे. कधी त्या मंद बुद्धीच्या खाती जमा झाल्या, कधी घरच्या बोलीच्या, कधी गैरहजेरीच्या. अलीकडे काही चुकांना अध्ययन अक्षमता असे नाव मिळाले. तांबड्या शाईची फुली मात्र सगळ्या चुकांना सारखीच पडत राहिली.

या भागात चुकीकडे वेगळ्या नजरेने पाहण्याची सुरुवात शेजारच्या डहाणू तालुक्यात झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर, अगदी गुरे चरतात त्या कुरणावरही न्यायची, हा त्यांचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा माँटेसरी विचार तेवढा आठवला जात नाही. माँटेसरी साधनांत चूक दाखवण्याचे काम साधनच करते. लाकडी ठोकळ्याच्या खाचेत दट्टा चुकीचा बसला, तर शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि मूल आपणहून मागे वळते. कोसबाडला हीच साधने शंख-शिंपले, खडे, पाने-बिया यांतून तयार झाली. चूक हा शिकण्याचा मधला टप्पा आहे, हे तिथे रोजच्या वापरात होते.

शाळांचा मोठा विस्तार झाला तो १९७०नंतर, आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या पाड्यांवरच्या शाळांतून. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी घरांतली मुले पहिल्यांदाच प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसली. एक शिक्षक आणि दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत, अशा वर्गात चुकांचा अभ्यास करायला उसंत नव्हती. वार्षिक परीक्षेत नापास, मग त्याच वर्गात पुन्हा, मग गुरांमागे, अशी वाट ठरून गेली. अशा मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसे आणि तेवढ्यावर विषय संपे.

अशा वर्गात काय लिहिले जाते, ते एका शुद्धलेखनावरून समजून घेता येईल. समजा वाक्य आहे: ‘आई विहिरीवरून पिण्याचे पाणी आणते.’ एक मूल लिहिते: ‘आई विहीरीवरुन पीन्याचे पानी आनते.’ यात सहा चुका आहेत, पण कारणे दोनच. ‘ण’च्या जागी तीनदा ‘न’ आला आहे आणि एकदाही उलट झालेले नाही. उत्तर कोकणातल्या अनेक बोलींत ण आणि ळ यांचे उच्चार न आणि ल असे होतात; मुलाने जे ऐकले ते इमानाने लिहिले. उरलेल्या तीन चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या. मराठी बोलण्यात इकार-उकारांची लांबी अर्थ बदलत नाही, म्हणून ती नियमाने पाठ करावी लागते आणि मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम पुण्या-मुंबईचे पदवीधरही रोज मोडतात. शिवाय ‘विहीरी’ लिहिणाऱ्या मुलाला ‘विहीर’ नीट येते. विभक्तीच्या आधी ‘ही’ ऱ्हस्व होते, एवढे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. हे मूल अडलेले नाही; त्याची वाटचाल चालू आहे.

दुसरे मूल लिहिते: ‘आइ वहर पण अणत.’ इथे जेवढे लिहिले आहे त्यात व्यंजने बरीचशी जागेवर आहेत आणि बहुतेक स्वरचिन्हे गळली आहेत. याला मुळाक्षरे आली, बाराखडी आली नाही. तिसरे मूल लिहिते: ‘आई विविहरून पिचेण्या पाणी तेआण’, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी वेगळ्याच तऱ्हेने मोडते. तिघांनाही दहापैकी शून्य किंवा एक गुण मिळेल. अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी ती फक्त तिसऱ्याबाबत, आणि तीही लगेच नाही.

आकड्यांचेही असेच. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणे ही पहिली-दुसरीतली नेहमीची चूक. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिला नंतर जातो. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. मंगला नारळीकर यांच्या समितीने त्यामागची अडचण मात्र नेमकी ओळखली होती. किंवा ५२ वजा २७ बरोबर ३५. हे उत्तर अंदाजाने आलेले नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले. प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान काढायचे हा त्याने स्वतः बनवलेला नियम आहे आणि तो प्रत्येक उदाहरणात पाळला जातो. अशा ठरीव चुकांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली मांडला. चूक जितकी नियमित, तितकी ती दुरुस्त करायला सोपी, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघतो.

जव्हार-मोखाड्यात या सगळ्यावर स्थलांतराची छाया आहे. भात, नागली आणि वरईची कापणी उरकली की दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी, वसई, पडघ्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरे सत्र जवळपास बुडते. त्यामुळे चुकांतही दिनदर्शिका उमटते: दिवाळीपर्यंत शिकवलेले पक्के, त्यापुढची जोडाक्षरे आणि हातच्याची वजाबाकी कोरी. विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, त्या याच पोकळीवर उपाय म्हणून. मार्च २०२०नंतर कोविडमुळे शाळा बंद राहिल्या आणि ही पोकळी सगळ्याच मुलांच्या वाट्याला आली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१मध्ये उघडले, तेव्हा तिसरीच्या पटावरची मुले दुसरीच्या वर्गात कधी बसलीच नव्हती.

अध्ययन अक्षमतेचा इतिहास दुसऱ्याच टोकाने चालत आला. तिच्यातल्या वाचनाच्या अडचणीसाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ साली वापरला. १८९६ मध्ये इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या, हुशार पण वाचता न येणाऱ्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. महाराष्ट्राने १९९६ साली अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली आणि त्या बाबतीत ते देशातले पहिले राज्य ठरले. पण त्या पोहोचल्या मुख्यतः मुंबईच्या इंग्रजी शाळांपर्यंत, कारण तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होत असे. २००७चा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपटही त्याच वर्गाची गोष्ट सांगत होता. मोखाड्याच्या पाड्यावरून शीव गाठणे म्हणजे पालकांची रोजंदारी बुडणे, आणि तेही कशासाठी ते त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी खुद्द पालघरमध्ये झाला. त्याच्या तपासणी यादीत दृष्टी, श्रवण, रक्तक्षय यांच्याबरोबर अध्ययनातली अडचणही आहे. कान वाहणारे किंवा रक्त कमी असलेले मूल शुद्धलेखनात शब्द गाळू शकते, हे लक्षात घेतले तर ही यादी वर्गाच्या फार जवळची आहे. २०१५मध्ये डिस्लेक्सियाची मराठीतून तपासणी करणारे ‘डाली’ हे साधन आले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले. २०१८च्या केंद्रीय सूचनांनुसार प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकानेच करायची आणि प्रमाणपत्र चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यायचे, असे ठरले.

इथेच खरी गुंतागुंत आहे. अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतच एक अट असते: अडचण अपुऱ्या शिकवण्यामुळे, शाळा बुडाल्यामुळे किंवा शिकवण्याची भाषा परकी असल्यामुळे आलेली नसावी. जव्हार-मोखाड्यात ही तिन्ही कारणे एकाच मुलात असू शकतात. लगतच्या वाडा तालुक्यात क्वेस्ट संस्थेच्या सहभागाने २०१३ ते २०१६ या काळात सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा अभ्यास झाला. त्यात तिसरीच्या अखेरीसही बरीच मुले स्वरचिन्हांत आणि जोडाक्षरांत अडखळताना दिसली. इतकी मुले एकदम अक्षम असणे शक्य नाही. दोष शिकवण्याच्या घाईत आहे. आपली लिपी वर्षभरात आटोपण्याजोगी नाही. उलट धोकाही तितकाच आहे. सगळेच अडखळतात म्हटल्यावर खरोखर अक्षमता असलेले मूल त्या गर्दीत दिसेनासे होते.

शिवाय देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्याने डिस्लेक्सिया इंग्रजीतल्यासारखा दिसत नाही. मूल अक्षर अक्षर जुळवून बरोबर वाचते, पण चौथी-पाचवीतही वेग वाढत नाही आणि वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरते. ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल मात्र पहिलीत बहुतेक सगळेच करतात आणि तेवढ्यावरून काही ठरत नाही. फरक ओळखण्याचा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आधी कान-डोळे तपासणे, मग मुलाच्या बोलीचा आधार घेऊन काही महिने नेमके शिकवणे आणि दर पंधरवड्याचे शुद्धलेखन तारीख टाकून जपून ठेवणे. वर लिहिलेल्या तिघांपैकी पहिल्या दोघांच्या चुका या काळात बदलतात, कमी होतात. तिसऱ्याचे कागद तसेच राहिले, तर गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकाकडे पाठवताना हा गठ्ठा कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कुटुंब भट्टीवर निघाले, तर तो मुलाबरोबर तिथल्या शाळेत जायला हवा.