चामडे जळते, क्रोमियम जळत नाही

आंघोळीचे पाणी तापवायचे असते आणि लाकूड परवडत नाही. मग कारखान्यातून चामड्याच्या कातरणाची गोणी घरी येते आणि बंबात जाते. वास सुटतो, पण पाणी तापते. उरलेली राख भांडी घासायला ठेवली जाते. भगिनींनो, धोका या धुरात आणि या राखेतच आहे.

धारावीत पाकिटे, पट्टे, बॅगा शिवल्या जातात. अशा मालाचे बहुतेक चामडे टॅनरीत क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले असते. चामड्यातले हे क्रोमियम तीन संयुजेचे असते. ते चामड्याला घट्ट धरून राहते आणि त्या रूपात फारसे विषारी नसते. म्हणून कातरण हाताळताना भीती वाटत नाही.

आग लागली की चित्र पालटते. कातडे जळून जाते, पण धातू जळत नाही. शंभर किलो कातरणाची जेमतेम पाच-दहा किलो राख उरते आणि जवळजवळ सगळे क्रोमियम तिच्यात साठते. शिवाय उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांमुळे त्यातल्या काही भागाचे सहा संयुजेचे क्रोमियम बनते. लाकडाची राख किंवा चुना सोबत असेल तर हा बदल अधिक सहज होतो. म्हणजे चुलीत लाकडासोबत कातरण घालणे अधिकच वाईट.

हे सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात सहज विरघळते. कातडीवर जखमा करते, नाकाच्या आतला पडदा खाते आणि श्वासातून वर्षानुवर्षे गेले तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. अशी राख विहिरीजवळ किंवा बोअरिंगजवळ टाकली तर पावसाबरोबर हे विष जमिनीत मुरते.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात क्रोमियम घातलेले नसते. पण रंगवलेला तुकडा पाहून तो कशाने कमावला हे घरी ओळखता येत नाही. म्हणून एकच नियम पाळावा : चामड्याचा कोणताही तुकडा चूल, बंब वा शेकोटीत घालू नये. आधीची राख असेल तर तिने भांडी घासू नयेत, ती परसातल्या भाजीलाही घालू नये आणि मुलांना तिच्याशी खेळू देऊ नये.

कातरणापासून लेदर बोर्ड बनतो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक आहे. कामगारांनी मिळून मालकाला सांगावे, कातरण तिकडे पाठवा. फुकटचे सरपण म्हणून ते आमच्या घरी नको.