बंपरची पांढरी पडलेली पट्टी: रंग नको, आधी सफाई हवी

कापडाच्या धंद्यातील माणसाला रंग उडणे नवे नाही. काळे सुती कापड रोज उन्हात वाळत घातले की भुरकट होते, कारण ऊन धाग्यात मुरलेला रंगच तोडते. मग ते पुन्हा रंगवावे लागते. जुन्या गाडीच्या बंपरवरची रबरी पट्टी पांढुरकी पडली की आपले बांधव हाच हिशेब लावतात आणि काळा रंग फासून मोकळे होतात. पण रबराचा मामला कापडासारखा नाही.

रबराचा काळेपणा वरून दिलेला नसतो. कारखान्यात रबर मळतानाच त्यात बारीक काजळी मिसळतात. तिच्यामुळे रबराला ताकद येते आणि उन्हापासून बचावही होतो. सुरुवातीच्या काळात मोटारीचे टायर पांढुरके असत. काजळी मिसळू लागल्यावर ते काळे झाले आणि जास्त टिकू लागले. ऊन ही काजळी नष्ट करीत नाही. वरच्या थरातील रबर मात्र जळते, त्यातील तेलकटपणा निघून जातो आणि भुकटी उरते. पांढरे दिसते ती ही भुकटी. तिच्याखाली असल काळे रबर शाबूत असते. भुकटीवर रंग मारला तर तो रबराला चिकटतच नाही, थोड्याच दिवसांत पापुद्रे निघतात.

आमच्या नांदेड-लातूर भागात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि दुकानासमोर गाडी दिवसभर उन्हात उभी असते. मारुती ८०० आणि अँबॅसिडर २०१४ साली बंद झाल्या, ओम्नी २०१९ साली. तरी कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या ओम्नी आजही दिसतात. मॉडेल बंद झाले की असल पट्टी मिळणे कठीण होत जाते. म्हणून आहे ती टिकवण्यातच फायदा आहे.

आधी मर्ज ओळखा

ओला कपडा पट्टीवर घासा. कपड्याला काळपट मळ लागला तर वरचा थर जळलेला आहे, इलाज होईल. पुसल्यावर काळी दिसली पण वाळताच पांढरे डाग उठले आणि कपडा साफ राहिला, तर ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार आहेत. वळणावर आडव्या भेगा असतील तर हवेतील ओझोनने ताणलेले रबर फाटले आहे. अशी भेग कोणत्याही पॉलिशने भरत नाही.

नखाने दाबूनही पाहा. दबून परत वर येते ते रबर. कडक लागते ते प्लास्टिक. ओम्नीचा काळा बंपर प्लास्टिकचा आहे. साफसफाई दोन्हींची सारखीच. प्लास्टिकला हीट गनने शेक देऊन काळेपणा आणणारे कारागीर आहेत, पण रबराला तो शेक देऊ नये.

कामाची पद्धत

गाडी सावलीत लावा. पट्टीच्या कडेने पेंटवर मास्किंग टेप चिकटवा. गाडी धुण्याचा शॅम्पू आणि नरम ब्रश घेऊन घासा. खाचांसाठी जुना टूथब्रश चालतो. काळे पाणी निघेल, घाबरू नये. ते साफ निघेपर्यंत घासा. पाईप सोडण्याची गरज नाही, दोन बादल्या पुरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना हे सांगायला नको.

क्षाराचे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा व लगेच धुवा. क्रोमवर ते राहू देऊ नये. पट्टी गुळगुळीत असून खरखरीत झाली असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. नक्षीदार पट्टीवर पेपर लावू नये.

पट्टी पूर्ण वाळू द्या. मग पाण्यावर आधारलेले रबराचे ड्रेसिंग होजिअरीच्या चिंधीने पातळ लावा, थोडे मुरू द्या आणि जास्तीचे पुसून काढा. हे धुण्या-पावसात उतरत जाते, पुन्हा लावावे लागते. जास्त टिकाऊ काम हवे असेल तर रबर-प्लास्टिकसाठीच बनवलेला काळा रिस्टोरर वापरावा, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावा.

डिझेलचा मोह टाळा

डिझेल किंवा जळके ऑईल लावून पट्टी चमकवण्याचा रिवाज सगळीकडे आहे. चमक तात्काळ येते, पण खनिज तेल रबरात शिरते, रबर फुगते, नरम पडते, चिकटवलेली पट्टी सुटू लागते. वरून धूळ बसते ती वेगळीच. पेट्रोल आणि थिनर त्याहून वाईट. बूटपॉलिश उन्हात वितळून कपड्यांना लागते. खोबरेल तेलावर चार दिवसांत मातीचा थर चढतो.

गाडी पेंटिंगला जायची असेल तर ड्रेसिंग पेंटिंगनंतरच करा. त्यातील सिलिकॉन पत्र्यावर राहिले तर नव्या पेंटला खड्डे पडतात आणि बोल पेंटरला बसतो.

वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या तरुणांना हे काम जोडधंदा म्हणून करता येईल. सामान थोडे लागते, मेहनत जास्त. मजुरी मेहनतीची घ्यावी आणि काम किती टिकेल ते गिऱ्हाईकाला आधीच सांगावे. गाडी विकणाऱ्यांनी पट्टी जरूर साफ करावी, पण भेगा असतील तर त्या दाखवूनच भाव ठरवावा. थानातील डागी कापड वेगळे काढून दाखवणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक परत येते. गाडीच्या बाजारातही तसेच आहे.