हे चित्र कोणासाठी?

आकाशवाणीवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. तुम्हाला मी दिसत नाही आणि ज्या चित्रांविषयी बोलणार आहे तीही दिसत नाहीत. पण एका परीनं हे बरंच झालं. चित्र समोर असलं की आपण नुसते पाहत सुटतो. ते डोळ्यांआड असलं की त्याचा विचार करायला सवड मिळते.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. हल्लीची मुलं धड्यांपेक्षा चित्रंच जास्त वाचतात. चित्रपट, बातम्यांची संकेतस्थळं आणि गाण्यांचे व्हिडिओ सगळं खिशातल्या मोबाईलवर असतं. म्हणून कवितेचा अर्थ लावतो तसाच या चित्रांचाही अर्थ लावायचा, असा उद्योग आम्ही वर्गात करतो. त्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे. हे कसं दाखवलं आहे? आणि कोणासाठी दाखवलं आहे? पहिल्या प्रश्नाला जाणकार दृश्यशैली म्हणतात, दुसऱ्याला प्रेक्षकवर्ग. नावं मोठी असली तरी प्रश्न साधे आहेत.

वाशिमकरांना हे प्रश्न परके नसावेत. आपलं वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण. पाचव्या शतकात त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. तिथला शिलालेख आजही ते सांगतो. म्हणजे चित्रासाठी द्रव्य कोणी दिलं, ते रंगवलं कोणी आणि पाहणार कोण, हा हिशेब तेव्हाही होताच. तिथला पाहणारा होता विहारात राहणारा भिक्षू आणि वाटेवरून येणारा भाविक. त्याला बुद्धाच्या कथा ठाऊक होत्या. म्हणून चित्रकाराला सगळी कथा क्रमानं सांगावी लागली नाही. ओळखीचा प्रसंग दिसला की पाहणारा बाकीची कथा मनात पुरी करी. प्रेक्षक कोण हे ठरलं की चित्राची रीत निम्मी ठरते, ती अशी.

आता चित्रपटाकडे येऊ. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याचीच हिंदी आवृत्ती 'धडक' २० जुलै २०१८ रोजी आली. गोष्ट तीच, म्हणजे मोठ्या घरची मुलगी, साध्या घरचा मुलगा, पळून जाणं आणि शेवटी रक्त. पण दोन्हींतली काही दृश्यं शेजारी ठेवून पाहा. 'सैराट'मध्ये करमाळ्याकडचा माळ आहे, विहीर आहे, उसाचे फड आहेत. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. पूर्वार्धात कॅमेरा उंच जातो, चाल संथ होते, अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यमेळ वाजतो. मोठ्या पडद्यावरच्या हिंदी प्रेमकथेचा सगळा थाट मंजुळे यांनी करमाळ्याच्या पोरापोरींना बहाल केला. मग दोघं हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात आणि कॅमेरा खाली उतरतो, खोली अरुंद होते, गाणी संपतात. शेवटी तर आवाजच काढून घेतला आहे. रक्तात पाय भरलेलं लेकरू चालत बाहेर येतं आणि चित्रपटगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते.

'धडक'मध्ये उदयपूरचे महाल आणि तलाव आले. पळून गेलेली दोघं कोलकात्यात राहू लागली. जातीचं टोक बरंच बोथट झालं. हा चित्रपट देशभरातल्या हिंदी प्रेक्षकासाठी होता. त्या प्रेक्षकाला करमाळ्याच्या बोलीतून जात, पैसा आणि राजकारण यांचे धागे उलगडता आले नसते, असं करणाऱ्यांना वाटलं असावं. एका विद्यार्थिनीनं वर्गात फार नेमकं सांगितलं. ती म्हणाली, ''सर, 'सैराट' पाहताना वाटते का हे आपल्या गावात होऊ शकते. 'धडक' पाहताना वाटते का हे सिनेमात होते.'' शैली आणि प्रेक्षक यांचं नातं याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

मंजुळे यांचाच 'फँड्री' महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. त्यात मारलेलं डुक्कर बांबूला टांगून नेतात ते शाळेच्या भिंतीसमोरून. भिंतीवर महापुरुषांची चित्रं रंगवलेली आहेत. त्यांत डॉ. आंबेडकर आहेत आणि आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबाही आहेत. पात्रं एक अक्षर बोलत नाहीत, पण चौकट सगळं बोलते. आणि शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आपल्यावर येतो. हे चित्र कोणासाठी, या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर मराठी पडद्यावर क्वचितच मिळालं असेल.

दुसरी गोष्ट बातम्यांच्या संकेतस्थळांची. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा प्रत्येकाचा फाँट वेगळा असायचा. तो आधी उतरवून घ्यावा लागे. नाहीतर पानावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे. पुढे युनिकोडनं ही अडचण दूर केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्या पारावरचा माणूसही या पानांचा वाचक झाला.

हा वाचक पान कसं पाहतो? २००६ मध्ये जेकब नील्सन यांच्या संस्थेनं २३२ लोकांच्या नजरेचा माग यंत्रानं घेतला. नजर पानाच्या वरच्या बाजूनं आडवी जाते, थोडं खाली येऊन पुन्हा आडवी जाते आणि मग डाव्या कडेनं खाली घसरते, असं दिसलं. इंग्रजी एफ अक्षराचा आकार होतो तो असा. म्हणजे बरीचशी बातमी वाचलीच जात नाही. तेव्हा सगळा भार मथळ्यावर आणि छायाचित्रावर येतो. त्यात उत्पन्न जाहिरातींचं, आणि जाहिरात पाहिली जाणार बातमी उघडली तर. म्हणून बोट थांबेल असं चित्र लावायचं, ही तिथली गरज होऊन बसते.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. विदर्भातल्या शेतीच्या संकटाची बातमी आली की सोबत कोणतं छायाचित्र असतं, आठवून पाहा. भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. असंच एक पान मी गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याला दाखवलं. ते हसून म्हणाले, ''सर, भेगा त दरसाल पडतेत. त्यात काय नवल हाये?'' आणि खरंच आहे ते! आपली काळी माती चिकण. पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच. चांगल्या सालातही पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतूनच खोल उतरतं, वरची मातीही आत जाते. जमीन आपली आपणच नांगरून घेते असं म्हणतात ते यामुळे. शहरातल्या वाचकाला ज्या चित्रात दुष्काळ दिसतो, त्यात कास्तकाराला फक्त मे महिना दिसतो.

मग खरं संकट कसं दिसतं? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ठिकठिकाणी भाव त्याच्या खाली होता. आता बाजार समितीच्या आवारातल्या सोयाबीनच्या ढिगाचं छायाचित्र काढा. ते सुबत्तेचं दिसेल, सोन्यासारखं पिवळंधमक! दुःख त्या ढिगात दिसत नाही. ते अडत्यानं दिलेल्या हिशेबाच्या पट्टीत असतं आणि पट्टीचं चित्र पाहायला कोणाचं बोट थांबत नाही. ज्या दुःखाला चित्र नाही ते बातमीच्या मागच्या रांगेत जाऊन बसतं. चित्राकडे पाहून मदत मागितली जाते आणि चित्राकडे पाहूनच उपाय सुचवले जातात, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपलं वाशिम. अशी पाटी लागलेल्या जिल्ह्याला आपलं चित्र कोण कसं काढतो याची फिकीर असायलाच हवी.

एक छोटी सवय लावून घ्या. छायाचित्राखाली बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' किंवा 'प्रातिनिधिक छायाचित्र' असं लिहिलं आहे का, ते पाहा. असेल, तर ते चित्र त्या घटनेचं नाही. संपादकानं हे प्रामाणिकपणे छापलेलं असतं. वाचायचं आपणच राहून जातो.

चित्रपटात याला उतारा सापडतो. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात शिरलेली धास्ती आहे. नवरा जिवाचं बरंवाईट करून घेईल या भीतीनं बायको पोराला त्याच्या मागे लावते आणि त्यातून हसूही येतं. पुढच्याच वर्षी आलेल्या अनुषा रिझवी यांच्या हिंदी 'पीपली लाइव्ह'मध्ये शेतकऱ्याच्या दारात वाहिन्यांच्या गाड्यांची जत्राच भरते. पहिला चित्रपट घराच्या आत बसून शेतकऱ्याकडे पाहतो, दुसरा त्याच्याकडे पाहणाऱ्यांकडे पाहतो. दोघांचा विषय एक, नजरा दोन.

आता गाण्यांचे व्हिडिओ. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं आणि तबकडी खपवण्यासाठी गाणं दाखवायचं, ही रीत जगभर पसरली. आपल्याला त्यात फारसं नवल वाटलं नाही, कारण आपल्या चित्रपटांत गाणं पहिल्यापासून पाहायचंच होतं आणि दूरदर्शनवर 'छायागीत', 'चित्रहार'साठी घरं भरत होती. नवं घडलं ते अलीकडे. गाणं करणारा आणि पाहणारा एकाच तांड्यातला असू शकतो, ही गोष्ट नवी.

आपल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला मोठी यात्रा भरते आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. गोरबोलीतल्या गाण्यांचे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. ते पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या. हा समाज महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र, कर्नाटक असा पसरलेला आहे. बोली एक, पण ती लिहायची कोणी देवनागरीत, कोणी तेलुगू लिपीत. मग पडद्यावर अक्षरं लिहून सगळ्यांना सांगणं कठीण. ती ओळख पोशाख करून देतो. आरशांची कांचळी, फेटिया, चांदीचे दागिने दिसले की कुठल्याही राज्यातल्या तांड्यावरच्या माणसाला हे आपलं आहे हे कळतं. त्याच चौकटीत मोटारसायकल असते, ड्रोननं टिपलेला डोंगर असतो. बाहेरच्याला ही सरमिसळ वाटते. आतल्याला त्यात आजीचा पेहराव आणि नातवाची हौस एकत्र दिसते. संग्रहालयातला पोशाख काचेमागे जपलेला असतो, व्हिडिओतला पोशाख नाचतो. दोन्ही हवेत, पण दोघांचे प्रेक्षक वेगळे.

मोबाईलनं चौकटही उभी केली. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, पण उभा व्हिडिओ रील्स आणि शॉर्ट्समधून राहिलाच. आडव्या चौकटीत शिवार मावतं, बांध मावतो, बैलजोडी मावते. उभ्या चौकटीत मावतो एकटा माणूस. वाईट नाही ते. चेहरा जवळ येतो. पण आजूबाजूचं गाव कडेनं कापलं जातं, हे लक्षात असू द्यावं.

एवढी चिकित्सा कशाला, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर हसण्यावारी नेण्याजोगं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. त्या काळात देशभर अशा अफवांसोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, असं तीत दिसे. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि जागृतीचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. मग उरलं काय? वरून, लांबून टिपलेलं, सीसीटीव्हीसारखं दृश्य. आणि सीसीटीव्ही खोटं बोलत नाही, असा आपला समज! म्हणजे लोकांना फसवलं ते मजकुरानं कमी, शैलीनं जास्त. हे कसं दाखवलं आहे, कोणासाठी केलं होतं, आणि पुढचं कुठे गेलं, एवढं विचारणारी चार माणसं प्रत्येक गावात असती तर अफवेचा पाय तिथेच अडखळला असता.

म्हणून घरातल्यांसाठी एक सोपा अभ्यास सांगतो. एखादी बातमी किंवा गाणं आधी आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसतं ऐका. चित्र काय सांगतं आणि आवाज काय सांगतो, हे वेगवेगळं कळेल. मग विचारा, चौकटीच्या बाहेर काय राहिलं? हे कोणाला दाखवायला काढलं? आणि मी ते पुढे धाडलं तर कोणाचं भलं, कोणाचं नुकसान? लेकरांना हे विचारायला शिकवायला महागडं साधन लागत नाही. मोबाईल घरात आहेच, फक्त त्याच्याकडे दोघांनी मिळून बसून पाहायला हवं.